कपिंग: पेला लावण्यापासून उतरवण्यापर्यंत

काचेच्या पेल्यात क्षणभर ज्योत फिरवायची, पेला पाठीवर उपडा ठेवायचा आणि दहा मिनिटांनी काढून घ्यायचा, एवढाच कपिंगचा विधी आहे असे व्हिडिओ पाहणाऱ्याला वाटते. चिनी पारंपरिक वैद्यकात हा उपचार शिकणाऱ्याचा बराचसा वेळ मात्र पेला कुठे लावू नये, ओढ किती ठेवावी आणि तो कधी उतरवावा हे शिकण्यात जातो. पुढील मार्गदर्शन कोरड्या कपिंगपुरते आहे. त्वचेला छेद देऊन रक्त काढण्याचा प्रकार निर्जंतुक व्यवस्था असलेल्या चिकित्सालयाबाहेर कोणीही करू नये, म्हणून त्याची कृती येथे दिलेली नाही. ज्योतीने पेला लावण्याची रीत सविस्तर सांगितली आहे, पण ती अनुभवी उपचारकाच्या देखरेखीखाली शिकणाऱ्यांसाठी आणि हा उपचार करून घेताना समोरचा माणूस नीट काम करतो आहे की नाही हे ओळखू पाहणाऱ्यांसाठी आहे. घरी करायचेच असेल, तर हातपंपाचे पेले वापरावेत.

थोडी पार्श्वभूमी

चीनच्या हूनान प्रांतात छांगशा शहराजवळ मावांगत्वी येथे 1973 साली एका थडग्यातून रेशमी कापडावर लिहिलेले वैद्यकीय मजकूर सापडले. हे थडगे इसवी सनपूर्व 168 मध्ये बंद झालेले होते. त्यातील बावन्न व्याधींवरील उपचारांच्या मजकुरात मूळव्याधीच्या कोंबावर लहान पोकळ शिंग पेल्यासारखे लावून तो ओढून घेण्याची कृती आहे. पुढे चौथ्या शतकात होऊन गेलेल्या गे होंग या वैद्याने विशिष्ट प्रकारची गळवे, गाठी आणि गंडमाळा यांवर शिंग लावू नये, तसे करणारा रोगी क्वचितच अपायातून सुटतो, अशी ताकीद लिहून ठेवली. म्हणजे निषेधांची यादी ही आधुनिक डॉक्टरांनी मागाहून जोडलेली पुरवणी नव्हे. थांग राजवटीत शिंगाऐवजी बांबूचे तुकडे उकळून वापरले जाऊ लागले, त्यानंतर मातीचे आणि काचेचे पेले आले. काचेचा मोठा फायदा असा की आतली त्वचा दिसते.

आपल्याकडेही सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षणासाठी शिंग, जळू आणि अलाबू म्हणजे भोपळ्याची तुंबी सांगितली आहे, आणि तुंबीच्या आत दिवा ठेवून ओढ निर्माण करण्याची युक्तीही तेथे आहे. तुंबडी लावणे ही गोष्ट म्हणूनच मराठी माणसाला अगदी परकी नाही. फरक एवढाच की तेथे हेतू रक्त काढण्याचा आहे, तर चिनी पद्धतीतल्या नित्याच्या कपिंगमध्ये त्वचा अखंड राहते.

शरीरात काय घडते, आणि पुरावा किती आहे

चिनी वैद्यकाची मांडणी अशी की ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती आणि रक्त जेथे मोकळे वाहत नाही तेथे दुखते, आणि प्रवाह मोकळा झाला की दुखणे थांबते. थंडी, वारा आणि ओल हे बाहेरून शिरणारे दोष पेल्याच्या ओढीने वर येतात, असे तेथे मानले जाते. भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ज्योतीने पेल्यातली हवा तापून फुगते व तिचा काही भाग बाहेर जातो. पेला त्वचेवर टेकल्यावर आतली हवा निवते, तिचा दाब उतरतो आणि त्वचा व तिच्याखालचा मऊ भाग आत ओढला जातो. त्या भागातला रक्तप्रवाह वाढतो, आणि ओढ अधिक असेल तर केशवाहिन्या फुटून रक्त त्वचेखाली झिरपते. गोल डाग पडतो तो या रक्ताचा.

हा डाग म्हणजे अंगातले विष बाहेर आल्याची खूण आहे, असे अनेक जाहिरातींत छातीठोकपणे सांगितले जाते. त्याला काहीही आधार नाही. मुका मार लागल्यावर जे रक्त साकळते, तेच येथे साकळते आणि तसेच रंग बदलत विरून जाते.

मानदुखी, कंबरदुखी यांसारख्या स्नायूंच्या दुखण्यात कपिंगने काही काळ आराम मिळतो, असे सांगणाऱ्या चाचण्या बऱ्याच आहेत, परंतु त्यांतील पुष्कळशा लहान आणि रचनेने कच्च्या आहेत. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात 135 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, आणि त्यांपैकी बहुतेकांत निष्कर्ष एका बाजूला झुकण्याचा धोका मोठा असल्याचे दिसले. जर्मनीत फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर दुखत राहण्याच्या विकाराच्या, रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत कपिंग हे नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले, पण नाममात्र ओढ असलेल्या लुटुपुटुच्या कपिंगपेक्षा सरस ठरले नाही. माझ्या मते याचा व्यवहारी अर्थ असा की अंग जखडले असेल, स्नायू आखडले असतील, तर इतर उपचारांच्या जोडीला हा प्रयोग करून पाहायला हरकत नाही. मधुमेह, दमा, वंध्यत्व किंवा कर्करोग बरा करण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर मात्र तेथून उठून यावे.

पेला हाती घेण्यापूर्वीचे प्रश्न

पुढच्या व्यक्तीला विचारायचा पहिला प्रश्न दुखण्याचा नाही, औषधांचा आहे. वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील किंवा रक्त न गोठण्याचा विकार असेल, तर कपिंग करू नये. हृदयविकारानंतर ॲस्पिरिन कायमची चालू असलेली माणसे हे औषध म्हणून सांगतच नाहीत, त्यामुळे नाव घेऊन विचारावे. औषध बंद करून कपिंगला बसणे हा तर निव्वळ आत्मघात आहे.

गरोदर स्त्रीच्या पोटावर आणि कंबरेवर पेला लावणे चिनी ग्रंथांतही वर्ज्य आहे, आणि घरगुती उपचार म्हणून गरोदरपणात तो पूर्णपणेच टाळावा. जोराचा ताप, झटके येण्याचा विकार, पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी, सुजलेले अंग, प्रगत हृदयरोग, तीव्र रक्तक्षय आणि पेसमेकर असलेली व्यक्ती यांच्या बाबतीतही पेला बाजूलाच ठेवावा. लहान मुलांना घरी कपिंग करू नये. वृद्धांची त्वचा कागदासारखी पातळ झालेली असेल, तर हलक्या ओढीनेही ती फाटते. सोरायसिसच्या रुग्णाला विशेष जपावे, कारण त्वचेला जेथे इजा होते तेथे नवा चट्टा उठण्याची या विकाराची खोड आहे.

जागांचे निषेध वेगळे आहेत. डोळे, कान, गळ्याची पुढची बाजू, हृदयाच्या ठोक्याची जागा, जांघ, काख, मोठ्या रक्तवाहिन्यांवरचा भाग, फुगलेल्या शिरा, जखम, पुरळ, तीळ किंवा चामखीळ, नुकतेच हाड मोडलेले ठिकाण, आणि जेथे हाडावर मांसच नाही अशी उंचसखल जागा सोडावी. डोक्यावर पेले लावल्यानंतर कवटीच्या आत रक्तस्राव झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. अशी घटना विरळा असली तरी डोके वर्ज्य ठेवायला तेवढी पुरेशी आहे.

दुखण्याबद्दलही दोन प्रश्न विचारावेत. कंबरदुखीबरोबर पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आहे का, लघवी-शौचावरचा ताबा सुटला आहे का, वजन अकारण उतरले आहे का? पाठीच्या वरच्या भागातले दुखणे छातीत किंवा डाव्या हातात उतरते का? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल, तर त्या व्यक्तीला तडक डॉक्टरांकडे पाठवावे.

साधने

काचेचे पेले एक ते पाच अशा आकारांत मिळतात. पाठीला मध्यम व मोठे, खांद्याला मध्यम आणि हाता-पायांना लहान आकाराचे लागतात. पेला घेताना कडेवरून बोट फिरवून पाहावे. ती जाड, गोलाई असलेली आणि कोठेही कपरा न उडालेली असावी. हातपंपाचे प्लास्टिकचे पेले चीनमध्ये औषधांच्या दुकानांतून घरगुती वापरासाठी सर्रास विकले जातात. त्यांच्या डोक्यावर झडप असते, पंपाने हवा ओढता येते आणि झडप उचलली की ओढ सुटते. सिलिकॉनचे पेले दाबून लावायचे असतात. ते सुरक्षित आहेत, पण अपारदर्शक असतील तर आतली त्वचा दिसत नाही. बांबूचे पेले औषधी काढ्यात उकळून लावण्याची रीत अजूनही चिनी रुग्णालयांत आहे, पण ते तडकतात आणि नीट निर्जंतुक करणे अवघड जाते.

ज्योतीच्या पद्धतीसाठी 95 टक्के अल्कोहोल, घट्ट वळलेला कापसाचा बोळा, तो धरायला लांब दांड्याचा आर्टरी फॉर्सेप म्हणजे चिमटा, काडेपेटी किंवा लायटर, ज्योत विझवण्यासाठी अरुंद तोंडाची धातूची किंवा काचेची बाटली, ओला टॉवेल आणि हाताशी पाण्याची बादली एवढे लागते. अल्कोहोलची बाटली वापर झाल्याबरोबर झाकण लावून रुग्णापासून दूर ठेवायची. भाजण्याच्या प्रसंगांत उघडी बाटली कलंडणे हे एक नेहमीचे कारण असते.

रुग्णाची आणि जागेची तयारी

खोली उबदार हवी. पंखा बंद करावा, खिडकी लोटून घ्यावी आणि एसी असेल तर त्याचा झोत पाठीवर येणार नाही असे पाहावे. चिनी वैद्य याचे कारण मोकळ्या झालेल्या रंध्रांतून थंडी शिरते असे देतात. ते न मानणाऱ्यालाही एवढे पटावे की काकडणारा माणूस स्नायू आवळून धरतो, आणि झुळकीने ज्योत भलतीकडे वळते. उपाशीपोटी किंवा भरपेट जेवून कपिंगला बसू नये. जेवणानंतर तास-दीड तास जाऊ द्यावा. दारू प्यायलेल्या किंवा थकून गळून गेलेल्या माणसाला परत पाठवावे.

रुग्णाला पालथे झोपवावे, छातीखाली पातळ उशी द्यावी आणि मान वाकडी होणार नाही अशी सोय करावी. एकदा पेले लागल्यावर त्याला हलता येणार नाही, म्हणून लघवीला जाऊन येणे, मोबाइल बाजूला ठेवणे, केस वर बांधणे हे सगळे आधी उरकून घ्यावे. पाठीवर दाट केस असतील तर पेला धरत नाही, आणि ज्योतीच्या पद्धतीत ते जळण्याची भीती असते. त्वचा कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करावी. ज्योत वापरायची असेल तर तेल, बाम किंवा अल्कोहोलचा ओलावा त्वचेवर अजिबात राहू देऊ नये. डाग पडतील, ते आठवडाभर राहू शकतील, हे या टप्प्यावर स्पष्ट सांगून संमती घ्यावी.

जागा शोधणे

चिनी वैद्यकात अंतर मोजण्याचे माप रुग्णाचे स्वतःचेच अंग असते. त्याच्या अंगठ्याच्या पेराची रुंदी म्हणजे एक छुन, आणि जुळवलेल्या चार बोटांची रुंदी म्हणजे तीन छुन. पाठीच्या मध्यरेषेपासून खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर तीन छुन धरतात, म्हणून दीड छुन म्हणजे त्या अंतराचा मध्य.

मान पुढे वाकवली की तळाशी सर्वांत ठळक उठून दिसणारा मणका हाताला लागतो. तो मानेचा सातवा. त्याच्या खालच्या खळग्यात दाझुई हा उपचाराचा बिंदू आहे. सर्दी अंगात भरण्याच्या सुरुवातीला चिनी घरांत पहिला पेला येथे लागतो. तेथून पाठीचे तीन मणके खाली मोजून दोन्ही बाजूंना दीड छुनावर फेइशू आहे. तो फुप्फुसाशी जोडलेला मानतात. कंबरेच्या दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर तेवढ्याच अंतरावर शेनशू येतो, आणि कंबरदुखीत त्याच्याभोवतीच काम असते. मान आणि खांद्याचे टोक यांच्या मधोमध जियानजिंग आहे. येथे खाली फुप्फुसाचे टोक असल्याने चिनी शिक्षक अ‍ॅक्युपंक्चरची सुई खोल न घालण्याची ताकीद देतात. पेल्याला ती अडचण नाही, पण ओढ हलकी ठेवावी. घरी पेला लावणाऱ्याने बिंदूंच्या नेमकेपणाची फार चिंता करू नये. बोटांनी चाचपून जेथे स्नायू दोरासारखा ताठ लागतो आणि दाबल्यावर रुग्ण ‘इथेच’ म्हणतो, ती जागा पहिली.

ज्योतीने पेला लावणे

बोळा अल्कोहोलमध्ये बुडवून बाटलीच्या कडेवर दाबून निथळावा. थेंब ओघळणारा बोळा म्हणजे रुग्णाच्या पाठीवर पेटता थेंब, म्हणून तो हलवून पाहावा आणि एकही थेंब सुटत नाही याची खात्री झाल्यावरच पेटवावा. पेला डाव्या हातात, रुग्णाच्या अंगाजवळ पण पाठीच्या बाजूला आडवा धरावा. पेटता बोळा पेल्याच्या तळाच्या दिशेने मध्यापर्यंत नेऊन एक ते तीन वेळा चटकन फिरवावा आणि बाहेर काढून लगेच पेला त्वचेवर टेकवावा. ज्योत कडेपाशी रेंगाळू देऊ नये. तापते ती कडाच, आणि भाजते तीही कडेनेच. बोळा बाहेर येणे आणि पेला टेकणे यांत वेळ गेला की ओढ कमी भरते. नवशिक्याचा पेला घसरून पडतो तो बहुधा यामुळे. तसे झाले तर ज्योत जास्त वेळ आत ठेवण्याऐवजी हाताचा वेग वाढवावा. मोकळा झालेला बोळा त्याच क्षणी बाटलीत घालून विझवावा, मगच पेल्याकडे पाहावे.

एकच पेला पुन्हा पुन्हा वापरल्यास काच तापत जाते. जाणते उपचारक दर वेळी मनगटाच्या आतल्या बाजूने कडा चाचपून पाहतात आणि गरम वाटली की पेला बदलतात. चार ते सहा पेले पहिल्या वेळेस पुष्कळ झाले, आणि दोन पेल्यांत किमान दोन बोटांचे अंतर ठेवावे, अन्यथा मधली त्वचा ताणली जाऊन दुखते.

हातपंपाने लावताना पेला घट्ट टेकवून पंप हळूहळू दोनदा ओढावा आणि थांबून रुग्णाला विचारावे. त्वचा पेल्यात साधारण एक सेंटिमीटर उचलली गेली की पहिल्या वेळेस पुढे जाऊ नये. आणखी दोनदा ओढता येते म्हणून ओढणे ही घरी होणारी सर्वांत सामान्य चूक आहे.

लावल्यानंतरची मिनिटे

मावांगत्वीच्या त्या मजकुरात शिंग किती वेळ ठेवावे याचे माप दिले आहे: दोन दोऊ (धान्याचे जुने चिनी माप) तांदूळ शिजायला लागेल तितका वेळ. आज नेहमीचे माप दहा मिनिटांचे, पाच ते पंधराच्या मर्यादेत आहे. पहिल्या वेळी पाच मिनिटांवर थांबावे आणि मोबाइलवर गजर लावावा, अंदाजावर राहू नये. उपचारकाने या काळात खोली सोडायची नाही. काचेतून त्वचा गुलाबी, मग लाल होताना दिसते. ती जांभळट-काळी होऊ लागली, बुडबुड्यासारखे बारीक फोड दिसू लागले किंवा रुग्णाला घट्टपणाऐवजी टोचल्यासारखी अथवा जळजळीची वेदना होऊ लागली, तर वेळ शिल्लक असली तरी तो पेला उतरवावा.

रुग्ण एकाएकी गप्प झाला, चेहरा पांढरा पडला, कपाळावर गार घाम आला किंवा मळमळू लागले, तर सर्व पेले तत्काळ काढावेत, त्याला उताणे झोपवून पाय थोडे उंच करावेत, अंगावर पांघरूण घालावे आणि तो सावरल्यावर कोमट पाणी द्यावे. काही मिनिटांत बरे वाटले नाही तर वैद्यकीय मदत बोलवावी.

उतरवणे

पेला कधीही सरळ वर खेचू नये. एका हाताने तो किंचित कलता करावा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कडेलगतची त्वचा खाली दाबावी. फुस्स आवाज होऊन हवा आत शिरते आणि पेला आपोआप सुटतो. पंपाच्या पेल्याची झडप हळूच उचलावी. त्यानंतर त्वचा मऊ कोरड्या कापडाने टिपावी, चोळू नये. रुग्णाला लगेच उठवू नये. आधी कुशीवर, मग बसते आणि नंतर उभे, या क्रमाने उठू द्यावे.

पेला एका जागी ठेवण्याखेरीज आणखी दोन प्रकार आहेत. शानग्वान या प्रकारात पेला लावून क्षणात काढायचा आणि त्याच जागी त्वचा लाल होईपर्यंत पुन्हा लावायचा असतो; नाजूक प्रकृतीच्या माणसाला तो बरा, कारण डाग जवळजवळ पडत नाहीत. झोऊग्वान म्हणजे फिरता पेला. त्यासाठी त्वचेवर व्हॅसलिन किंवा तेल लावावे लागते, म्हणून घरी तो पंपाच्या पेल्यानेच करावा. ओढ नेहमीपेक्षा कमी ठेवून, पुढची कडा किंचित उचललेली धरून पेला कण्याच्या बाजूच्या मांसल पट्ट्यावरून वर-खाली सरकवावा. कण्याच्या हाडावरून तो कधीही नेऊ नये.

डाग आणि पुढचे दिवस

चिनी वैद्य गडद जांभळ्या डागाला साकळलेले रक्त, लालभडक डागाला उष्णता, फिकट डागाला अशक्तपणा व थंडी आणि पाणीदार फोडांना ओल असा अर्थ देतात. हे वाचन त्या शास्त्राच्या चौकटीत अभ्यासावे, पण त्यावरून निदान करू नये, कारण तोच माणूस, तीच जागा आणि तीच ओढ ठेवून केवळ वेळ दुप्पट केली तरी डाग गडद होतो. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवरचे गोल डाग जगाने पाहिले, तेव्हापासून ठळक डाग म्हणजे उत्तम उपचार असा समज बळावला आहे. प्रत्यक्षात उत्तम हाताचा डाग फिकट असू शकतो आणि आराम तेवढाच मिळू शकतो.

डाग साधारण तीन ते दहा दिवसांत जांभळ्याचे हिरवट, मग पिवळसर होत जातात. पहिले चार-सहा तास अंघोळ, पोहणे आणि घाम गाळणारा व्यायाम टाळावा, पाठ झाकून ठेवावी व कोमट पाणी प्यावे. लहान फोड फोडू नये. मोठा फोड, पसरत जाणारी लाली, पू किंवा ताप असेल तर डॉक्टरांना दाखवावे. परदेशी राहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: असे गोल डाग पाहून तेथील डॉक्टर मारहाणीची शंका घेऊ शकतात, म्हणून तपासणीच्या वेळी कपिंग केल्याचे आपणहून सांगावे.

जुना डाग पूर्ण जाईपर्यंत त्याच जागी पेला लावू नये. तीन-चार वेळा करूनही दुखण्यात फरक नसेल, तर आणखी खर्च करू नये. बाहेर उपचार घ्यायचा असल्यास नोंदणी विचारावी. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, आणि कपिंग करणारे अनेक जण त्याच शाखेतले असतात. पेले आपल्यासमोर स्वच्छ पाकिटातून काढले जातात की आधीच्या रुग्णाचे नुसते पुसून लावले जातात, हेही पाहावे. घरचा संच एकाच व्यक्तीसाठी ठेवावा आणि वापरानंतर साबणाच्या पाण्याने धुऊन, 70 टक्के अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळल्यावरच डब्यात भरावा. पंपाच्या झडपेत शिरलेले पाणी नीट झटकून काढावे, नाहीतर पुढच्या वेळी पेला ओढ धरत नाही.